रिपोर्ट तीन, तारखा चार

पत्राचा गोषवारा: वाचक 29 वर्षांची आहे, हे तिचं पहिलंच बाळंतपण. पाळी पहिल्यापासून लांबणारी, 39-40 दिवसांनी येणारी. शेवटची पाळी 10 जानेवारीला आली, त्यावरून फाइलवर प्रसूतीची तारीख पडली 17 ऑक्टोबर. 21 मार्चला पहिली सोनोग्राफी झाली. पाळीप्रमाणे त्या दिवशी 10 आठवडे पूर्ण व्हायला हवे होते, पण बाळ भरलं 8 आठवडे 3 दिवसांचं, म्हणून डॉक्टरांनी तारीख बदलून 28 ऑक्टोबर केली. 10 जूनच्या रिपोर्टवर 30 ऑक्टोबर छापून आली आणि 9 सप्टेंबरच्या रिपोर्टवर थेट 11 नोव्हेंबर. या शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं अंदाजे वजन 1600 ग्रॅम आलं. डॉक्टर म्हणतात, 28 ऑक्टोबरच्या हिशोबाने 33 आठवडे झालेत, त्या मानाने बाळ कमी भरतंय. त्यांनी 23 सप्टेंबरला डॉप्लरसह (म्हणजे बाळाचा रक्तप्रवाह बघणाऱ्या तपासणीसह) पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे आणि 38 आठवड्यांच्या पुढे फार थांबायचं नाही असंही सुचवलं आहे. वाचकाला आणि तिच्या जाऊबाईंना मात्र वाटतं की बाळ लहान नाही, तारीखच चुकली आहे. शेवटचा रिपोर्ट सर्वांत नवा, बाळही आता मोठं आणि स्पष्ट दिसतं, मग तोच खरा धरायला नको का? 11 नोव्हेंबर मानणारे दुसरे डॉक्टर शोधावेत का? ही जादा सोनोग्राफी टाळली तर चालेल का? पत्राच्या शेवटी एकच ओळ वेगळी आहे: नवरा कामासाठी बाहेर होता तो 26 जानेवारीला परतला, आणि पहिला रिपोर्ट आल्यावर त्याने कॅलेंडर काढून आठवडे मागे मोजले. 'बोलला काहीच नाही, पण मोजताना मी पाहिलं.'

---

सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीच्याला वेळ आहे, त्याला नाही. 23 तारखेची सोनोग्राफी टाळू नका. त्याआधीही बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून बोलते आहे. पण ते आकडे तुम्ही इतके नीट लिहिले आहेत की त्यातून बरंच कळतं.

आता तारीख. चारांपैकी धरायची ती 28 ऑक्टोबर. ती का, हे समजलं की बाकीच्या तीन तारखा कुठून आल्या तेही उलगडेल आणि दुसरे डॉक्टर शोधायचे की नाही, याचाही निर्णय तुम्हाला घेता येईल.

17 ऑक्टोबरपासून सुरुवात करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 280 दिवस मिळवायचे, किंवा बोटांवर मोजायचं तर नऊ महिने आणि सात दिवस, ही रीत फार जुनी आहे. तिला नाव मिळालं ते फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून ती रुळलेली आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही: पाळी 28 दिवसांची आहे आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडलं. तुमची पाळी तशी नाही. पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा लांबतो तो बीज तयार होण्याचा पहिला टप्पा. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचाच राहतो. 39-40 दिवसांची पाळी असेल तर बीज सुटणार पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी. म्हणजे रीत मानते त्याच्या 11-12 दिवस उशिरा.

आता तुमचा पहिला रिपोर्ट बघा. पाळीचे 10 आठवडे, बाळाचे 8 आठवडे 3 दिवस. फरक बरोबर 11 दिवसांचा. त्यामुळे त्या पहिल्या सोनोग्राफीत बाळ 'मागे' होतं असं मनात धरून बसू नका. ते मागे नव्हतंच, उशिरा राहिलेलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी, एक तुमच्या पाळीची सवय आणि दुसरी बाळाची लांबी, एकच उत्तर मिळालं. याहून भक्कम तारीख नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गरोदरपणात क्वचितच मिळते. डॉक्टरांनी तारीख बदलली तेही नियमाला धरून होतं. पाळीप्रमाणे 9 ते 14 आठवड्यांच्या मधल्या पहिल्या सोनोग्राफीत फरक सात दिवसांपेक्षा जास्त आला, तर पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची धरावी, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. 9 आठवडे भरायच्या आत असेल तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पुरतो.

तुमच्या मनात जो मुख्य गैरसमज आहे तो इथेच येतो, आणि तो अगदी साहजिक आहे. बाळ मोठं झालं, नाक-डोळे दिसायला लागले, मशीनही नवं, मग मोजमाप जास्त अचूक व्हायला हवं. व्यवहारात आपण नव्या रिपोर्टला जुन्यापेक्षा जास्त मानतोच. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं तसं आहे, साखरेचं तसं आहे. पण सोनोग्राफी वय मोजत नाही. ती लांबी आणि घेर मोजते, आणि त्यावरून वयाचा अंदाज करते. हा अंदाज कधी चांगला? सगळी बाळं एकाच वयात जवळजवळ सारखी असतील तेव्हा. बाळ जन्मतं तेव्हा त्याची उंची फार तर काही सेंटिमीटरने इकडेतिकडे असते, पण सातवीच्या वर्गात मुलांना रांगेत उभं केलं तर कुणी खांद्याला लागतं, कुणी डोक्याच्या वर जातं. त्या वर्गात उंचीवरून जन्मतारीख सांगायला कुणी धजावणार नाही. पोटातल्या बाळांचंही असंच होतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी जवळपास एकाच चालीने वाढतात. पुढे आईवडिलांची ठेवण, वारेतून मिळणारं पोषण, आईचा रक्तदाब, साखर, हे सगळं आपापला वाटा उचलतं आणि बाळाबाळात अंतर पडत जातं.

आकडेच सांगायचे तर पहिल्या तीन महिन्यांतल्या मापावरून काढलेलं वय पाच ते सात दिवसांनी इकडेतिकडे होऊ शकतं. विसाव्या आठवड्याच्या आसपास हे अंतर सात ते दहा दिवसांवर जातं. 28 आठवड्यांनंतर ते तीन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त पसरतं. तुमचा 11 नोव्हेंबरचा आकडा 28 ऑक्टोबरपासून फक्त 14 दिवस दूर आहे. म्हणजे समजा तुमची पहिली सोनोग्राफी झालीच नसती, हाती फक्त पाळीची खात्रीशीर तारीख असती आणि 33 आठवड्यांना दोन आठवड्यांचा फरक दिसला असता, तरीही तेवढ्यावरून तारीख हलवायची नाही, असंच मार्गदर्शन आहे.

मापं कशी घेतात हे जरा जवळून बघितलंत तर पटेल. पहिल्या सोनोग्राफीत तुमच्या बाळाची डोक्याच्या टोकापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी घेतली. रिपोर्टवर त्याला सीआरएल म्हणतात, आणि 8 आठवडे 3 दिवसांना ती सुमारे 19 मिलिमीटर असते. पडद्यावर दोन छोट्या फुल्या दिसतात, एक डोक्याशी, एक खाली, मध्ये तुटक रेघ. या वयात ही लांबी दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. म्हणून फुली दोन मिलिमीटर चुकीची पडली तर चूक दोन दिवसांची. ही पद्धत ग्लासगोत ह्यू रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये मांडली. त्याच शहरात इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये गर्भारपणातल्या सोनोग्राफीचा पाया घातला होता. तेव्हापासून यंत्रं ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, पण पहिल्या तीन महिन्यांत वय ठरवायला आजही हेच माप धरतात.

आता 33व्या आठवड्यातली मापं. मांडीचं हाड या काळात आठवड्याला जेमतेम दोन मिलिमीटर वाढतं. फुली त्याच दोन मिलिमीटरने सरकली तर इथे चूक एका आठवड्याची! पोटाचा घेर आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि तो मोजायचा म्हणजे बाळ कुशीवर आहे, पाय पोटाशी घेतलेत, श्वासाची हालचाल चालू आहे, अशात पडद्यावर एक गोल काढायचा. कितीही निष्णात हात असला तरी थोडं इकडेतिकडे होणारच. वजनाचा अंदाज या सगळ्या मापांवरून सूत्राने काढतात, त्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडतो.

मग रिपोर्टवर ती 11 नोव्हेंबर आली कशाला? कुणी ठरवून लिहिली म्हणून नाही. मशीनमध्ये डोकं, पोट, मांडी यांची मापं भरली की ते प्रत्येकासमोर 'हे माप सरासरी इतक्या आठवड्यांना असतं' असा आकडा लावतं, सगळ्यांची सरासरी काढतं आणि तिथून 40 आठवडे पूर्ण होईपर्यंत पुढे मोजून एक तारीख छापतं. तुम्ही पाठवलेल्या मापांत डोक्यापुढे 32 आठवडे, मांडीपुढे 31 आठवडे 5 दिवस आणि पोटापुढे 29 आठवडे 2 दिवस आहेत. सरासरी 31. त्या छापील तारखेचा अर्थ एवढाच की तुमचं बाळ आज सरासरी 31 आठवड्यांच्या बाळाएवढं आहे. ते 31 आठवड्यांचं आहे असा तिचा अर्थ होत नाही. माझं मत विचाराल तर सहाव्या महिन्यानंतरच्या रिपोर्टवर ही तारीख छापूच नये. दर रिपोर्टला नवी तारीख बघून किती बायका विनाकारण धास्तावतात आणि कितीजणी विनाकारण निर्धास्त होतात, हे मी कायम बघते.

विनाकारण निर्धास्त होणं यातलं जास्त धोक्याचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. तुमच्या रिपोर्टमधला पोटाचा आकडा पुन्हा बघा. तारीख दोन आठवड्यांनी खरोखर चुकली असती, तर डोकं, मांडी, पोट तिन्ही साधारण एकाच अंतराने कमी दिसली असती. तसं नाही. डोकं आठवडाभर मागे, आणि पोट जवळजवळ चार आठवडे. बाळाच्या पोटाच्या घेराचा मोठा भाग त्याच्या यकृतामुळे असतो आणि साखरेचा साठा तिथे होतो. वारेतून पोषण कमी पडायला लागलं की बाळ रक्ताचा ओघ मेंदूकडे वळवतं, डोक्याची वाढ राखतं, आणि यकृतातला साठा आधी उतरतो. म्हणून पोट सगळ्यात आधी कमी भरतं. तुमच्या बाळाचं असंच झालंय असं मी म्हणत नाही. पोटाचं माप त्या दिवशी कमी घेतलं गेलं असेल, किंवा बाळ मुळातच लहानखुरं असेल. सुदृढ आणि लहानखुरी बाळं पुष्कळ असतात. पण या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या असतील, तर आधी तारीख पक्की धरूनच बाळाकडे बघावं लागतं. तारीख 11 नोव्हेंबरला नेली की 1600 ग्रॅम नेहमीच्या मर्यादेत बसतात, कागद नीटनेटका होतो, जाऊबाईंचा आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. बाळ मात्र होतं तेवढंच राहतं, आणि त्याला खरंच पोषण कमी पडत असेल तर ते ओळखायचा मार्ग आपण आपल्या हाताने बंद केलेला असतो.

23 तारखेच्या सोनोग्राफीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कदाचित कुणी सांगितली नसेल. तुम्ही कुठलीही तारीख खरी माना, ती तपासणी दोन्हीकडून उपयोगाची आहे. या काळात बाळाचं वजन आठवड्याला साधारण 200 ग्रॅमने वाढतं, पोटाचा घेर एक सेंटिमीटरने. दोन आठवड्यांत बाळ किती वाढलं हे बघायला ते 31चं 33 झालं की 33चं 35, याने फारसा फरक पडत नाही. लहान असूनही आपल्या चालीने वाढत असेल तर ती दिलासा देणारी गोष्ट. वाढ मंदावली असेल तर लक्ष घालायला हवं, मग तारीख कुठलीही असो. डॉप्लरचंही तेच. त्यात बाळाच्या नाळेतला आणि गरज पडली तर मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह बघतात. त्याचे आकडे आठवड्यागणिक थोडेथोडेच बदलतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या वादाने निष्कर्ष सहसा उलटत नाही. म्हणजे तुम्हाला जी सोनोग्राफी जादा वाटते, तुमच्या शंकेचं उत्तर नेमकं तीच देणार आहे. दोन आठवड्यांचं अंतर ठेवलंय तेही मुद्दाम. लगेच दोन-चार दिवसांत वजन पुन्हा काढलं तर वाढ कुठली आणि मापातला फरक कुठला, हे कळत नाही.

तुमची दुसरी भीती मात्र मी अजिबात हलक्यात घेत नाही. '38 आठवडे' म्हणून 14 ऑक्टोबरला बाळंतपण केलं, आणि तारीख खरी 11 नोव्हेंबर निघाली, तर बाळ 36 आठवड्यांचं असेल. ही भीती बरोबर आहे. चुकीच्या तारखेवरून घाईने प्रसूती केल्याने बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात, आणि 39 आठवड्यांआधी निव्वळ सोयीसाठी प्रसूती करू नये असं जाणते डॉक्टर आज आवर्जून सांगतात. तेव्हा आंधळेपणाने मान डोलवा असं मी सुचवत नाही. फक्त शंका योग्य ठिकाणी घ्या. 28 ऑक्टोबर कशावर उभी आहे ते तपासा: 21 मार्चचा रिपोर्ट काढा, त्यात बाळाची लांबी मोजली आहे ना, की फक्त गर्भपिशवीचं माप घेऊन वय लिहिलं आहे? पिशवीच्या मापावरून काढलेलं वय कच्चं असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून लांबी मोजलेली दिसते. जूनच्या सोनोग्राफीनेही दोनच दिवसांचा फरक दाखवला, म्हणजे तिने मार्चच्या तारखेला दुजोराच दिला. पाया पक्का आहे. 28 ऑक्टोबर खरी असण्याची शक्यता इतकी जास्त आहे की 14 ऑक्टोबरला बाळ 36 आठवड्यांचं असेल ही काळजी तुम्ही बाजूला ठेवू शकता.

मग 38 आठवड्यांना प्रसूती करायची की नाही, हा प्रश्न उरतो, आणि तो तारखेचा नाही. तो बाळाच्या तब्येतीचा आहे आणि 23 तारखेनंतरच नीट विचारता येईल. वाढ चालू असेल, डॉप्लर आणि बाळाभोवतीचं पाणी ठीक असेल, तर 38-39 आठवड्यांपर्यंत देखरेखीखाली थांबतात. नसेल तर आधीही निर्णय घ्यावा लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा: कुठल्या गोष्टी ठीक आल्या तर आपण थांबणार, आणि काय बिघडलं तर लवकर करणार? प्रश्न असा विचारला की डॉक्टरही मोकळेपणाने सांगतात आणि त्यांच्या मनातला आराखडा तुम्हाला कळतो.

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या, त्यात गैर काही नाही. पण '11 नोव्हेंबर मानणारे' डॉक्टर शोधू नका. उत्तर आधी ठरवून माणूस शोधला तर तो मिळतोही, विशेषतः तुम्ही फक्त शेवटचा रिपोर्ट पुढे ठेवलात तर. सल्ला घ्यायचा तर तिन्ही रिपोर्ट न्या, तारखेच्या क्रमाने, मार्चचा सगळ्यात वर. आणि 23 तारीख उलटू देऊ नका.

आता ती एक ओळ. तुम्ही ती सगळ्यात शेवटी लिहिलीत, प्रश्न म्हणूनही नाही. मला वाटतं पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे.

तुमच्या नवऱ्याने काय मोजलं असेल ते सांगते. 21 मार्चपासून 8 आठवडे 3 दिवस मागे गेलं की 21 जानेवारी येते, आणि तो आला 26ला. पाच दिवसांचा फरक, आणि मनात किडा. पाळीप्रमाणेचे 10 आठवडे मोजले असतील तर आणखीच लांब गेला असेल. पण गरोदरपणाचे आठवडे दिवस राहिल्यापासून मोजत नाहीतच. ते शेवटच्या पाळीपासून मोजतात, आणि सोनोग्राफीसुद्धा त्याच रिवाजाने बोलते. ज्यांची तारीख सोनोग्राफीने बदलली त्यांच्यासाठी ती जणू 28 दिवसांच्या चक्रातली एक कल्पित पाळी धरून चालते. त्या मोजणीतले पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. 21 जानेवारी म्हणजे ती कल्पित पाळी. गर्भ राहिला त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, 4 फेब्रुवारीच्या आसपास. तुमच्या 39-40 दिवसांच्या पाळीतला पंचविसावा-सव्विसावा दिवसही नेमका तेव्हाच येतो. तो परत येऊन तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मापातल्या आठवडाभराच्या फरकाची सूट दोन्ही बाजूंना दिली तरी सगळे दिवस 26 जानेवारीच्या नंतरचेच येतात.

हे त्याच्याशी बोला. तो बोलला नाही याचा अर्थ त्याच्या मनातून गेलं असा धरू नका. कदाचित विचारायची लाज वाटली असेल, कदाचित स्वतःच्याच शंकेची लाज वाटत असेल. आरोपाला उत्तर देतोय अशा सुरात बोलू नका, कारण आरोप झालेला नाही. '23 तारखेला माझ्याबरोबर ये, आपल्या आठवड्यांचा हिशोब डॉक्टरांकडून दोघं मिळून समजून घेऊ,' एवढं पुरे. डॉक्टर हे दोन मिनिटांत सांगतात, आणि तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला हिशोब नवराबायकोला सोपा जातो. त्याउपरही त्याचा संशय उरला, तर मग प्रश्न सोनोग्राफीचा राहिला नाही, तुम्हा दोघांच्या विश्वासाचा झाला. तो दुसऱ्या कुणाची मदत घेऊन, पण बाळंतपणाच्या आधी बोलायला हवा. तुम्ही एकटीने तो मनात घेऊन फिरू नका.

असे प्रश्न तुमच्या एकटीचे नसतात, म्हणून वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठी थोडं. ज्यांना पाळीची तारीख आठवत नाही, ज्या अंगावर पाजत असताना पाळी यायच्या आतच गरोदर राहिल्या, ज्यांनी गोळ्या नुकत्याच बंद केल्या होत्या किंवा ज्यांना पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) आहे, त्यांनी पहिली सोनोग्राफी तीन महिन्यांच्या आत जरूर करावी. पुढे कितीही सोनोग्राफ्या केल्या तरी ती अचूकता परत मिळत नाही. बाळाचा ठोका साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास दिसायला लागतो, त्यामुळे महिना चुकल्या चुकल्या धावायचीही गरज नाही. फार लवकर केली तर नुसती पिशवी दिसते आणि उगाच जीव टांगणीला लागतो. सीआरएल 84 मिलिमीटरच्या पुढे गेली, म्हणजे साधारण 14 आठवडे झाले, की ते माप सोडून डोक्याच्या घेराकडे वळतात. कधीकधी गर्भ रुजताना होणारा थोडासा रक्तस्राव पाळी समजला जातो, मग बाळ तारखेपेक्षा चार आठवडे 'पुढे' दिसतं; अशी पाळी नेहमीपेक्षा कमी आणि थोडक्यात आटोपली होती का, हे डॉक्टरांना सांगा.

ज्यांचं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) झालंय त्यांची तारीख गर्भाशयात गर्भ सोडला त्या दिवसावरून आणि तेव्हाच्या गर्भाच्या वयावरून ठरते. पाच दिवसांचा गर्भ असेल तर त्या दिवसापासून 261 दिवस. ती सोनोग्राफीने बदलायची नसते. जुळ्यांमध्ये दोघांच्या मापांत फरक असला तर मोठ्या बाळावरून वय धरतात, कारण लहान बाळावरून धरलं तर त्याचं लहानपण झाकलं जातं. आणि तुमच्या अगदी उलट पत्रंही येतात: नवव्या महिन्यात बाळ दोन आठवडे पुढे आलं, मग तारीख अलीकडे घ्यायची का? नाही. तिथेही तारीख तीच, आणि बाळ मोठं का आहे, आईच्या रक्तातली साखर तपासली का, हे बघायचं.

ज्यांची पहिली सोनोग्राफीच 22 आठवड्यांनंतर झाली त्यांची तारीख मात्र खरोखर कच्ची राहते. त्यांनी ती कच्ची आहे हे फाइलवर लिहून घ्यावं, आणि बाळाच्या वाढीचा वेग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघावा. पाळी, पहिली उलटी, पहिल्यांदा बाळ फिरल्याची तारीख, जे काही आठवतं ते सांगावं. एकेकटं ते तोकडं असतं, पण एकत्र ठेवलं की डॉक्टरांना त्याचा आधार होतो.

तुम्ही आज एक काम करा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: 'प्रसूतीची तारीख 28 ऑक्टोबर, 21 मार्चच्या सोनोग्राफीवरून.' 23 तारखेला सोनोग्राफीसाठी आत जाण्याआधी काउंटरवर शेवटच्या पाळीची तारीख विचारतील. तिथे नुसती 10 जानेवारी सांगितलीत तर मशीन पुन्हा 17 ऑक्टोबरपासून मोजायला लागेल, आणि बाळ होतं त्याहून 11 दिवसांनी जास्तच मागे पडल्यासारखं दिसेल. म्हणून ते पान दाखवा, मार्चचा रिपोर्ट बरोबर ठेवा आणि सांगा की आमची तारीख यावरून ठरली आहे. सप्टेंबरची मापंही त्यांच्यापुढे ठेवा, म्हणजे पोट आणि वजन दोन आठवड्यांत किती वाढलं ते तिथल्या तिथे बघता येईल.